टेकऑफ झाल्या झाल्या विमानाचा आवाज एकदम का पडतो? (सासूबाईंची रामरक्षा निम्मी झाली होती)

मीनाक्षी_अर्वाइन | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, शंका विमानाची आहे पण विषय घरगुती आहे, म्हणून इथेच विचारते.

मागच्या गुरुवारी नणंदेच्या डोहाळजेवणाला सासूबाईंना घेऊन सॅन होजेला गेले. आम्ही अर्वाइनला राहतो. लॉस एंजेलिसच्या रहदारीत कोण जाणार, म्हणून घरापासून दहा मिनिटांवरच्या जॉन वेन विमानतळावरून निघालो. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं आणि जागेवरच इंजिनं जोरात घुमायला लागली. खुर्च्या थरथरतायत, विमान मात्र हलत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अडकलं की काय?" तेवढ्यात गोफणीतून दगड सुटावा तसं सुटलं आणि नाक वर करून असं चढलं, की मी पाठीवर झोपल्यासारखी झाले.

इथपर्यंत ठीक. पण मग मिनिटभरही झालं नसेल, इंजिनांचा आवाज एकदम बसला. पोटात गोळा आला. सासूबाईंनी माझा हात धरला आणि मोठ्यांदा रामरक्षा सुरू केली. पलीकडच्या सीटवरचा गोरा अजिबात विचलित नाही, मासिक वाचतोय. पायलट आधी आवाजाबद्दल काहीतरी बोलला होता, पण तेव्हा मी सासूबाईंचा पट्टा लावत होते.

हे मुद्दाम करतात का? आणि करतात तर कशाला? महिन्याभराने सासूबाई मुंबईला परत जाणार आहेत, पहिला टप्पा पुन्हा याच विमानतळावरून. त्या आत्तापासून "मला बसने सॅन फ्रान्सिस्कोला सोडा" म्हणतायत.

खवचट_खान्देशी | ९:५२

रामरक्षेत थ्रस्ट वाढवायचा श्लोक कुठला, ते सासूबाईंना विचारून सांगा. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उजवीकडची_सीट | ११:१५

मीनाक्षीताई, आधी सासूबाईंना सांगा, की इंजिन बंद पडलं नव्हतं. मुद्दाम कमी केलं होतं. मी स्वतः फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. जॉन वेनला कधी गेलेलो नाही, पण तिथली पद्धत आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते.

टेकऑफनंतर किमान ८०० फुटांपर्यंत इंजिनांची ताकद कमी करायची नाही, हा नियम जगभर आहे. त्यानंतर दोन वाटा असतात.

पहिली वाट: ८०० फुटांच्या वर गेल्यावर ताकद उतरवायची, पण वेग वाढवायचा नाही. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) बाहेरच ठेवून, कमी वेगात, जमेल तेवढं उभं चढत ३,००० फूट गाठायचे. मग नाक खाली, वेग वाढवा, फ्लॅप्स आत घ्या. यात धावपट्टीच्या अगदी जवळच्या लोकांच्या डोक्यावर विमान उंच असतं आणि इंजिनही शांत असतं.

दुसरी वाट: ८०० च्या वर गेलं की आधी नाक थोडं खाली करून वेग पकडायचा, फ्लॅप्स आत घ्यायचे आणि मग ताकद उतरवायची. असं विमान हवेत कमी अडतं, पुढे कमी ताकदीत नीट चढतं. फायदा लांबच्या वस्तीला होतो. शिवाय इंधन वाचतं, म्हणून कंपन्यांचा ओढा इकडे.

आमच्या भाषेत पहिली एनएडीपी (आवाज कमी ठेवून उडायची पद्धत) वन, दुसरी एनएडीपी टू. एका कंपनीने एका जातीच्या विमानासाठी यापेक्षा जास्त पद्धती ठेवायच्या नाहीत, नाहीतर आम्ही प्रत्येक गावाला वेगळी आरती पाठ करत बसू.

तुमच्या विमानाने पहिली वाट घेतली. बाकीच्या विमानतळांवरही ताकद उतरतेच, पण तिथे सुरुवातच पुष्कळदा पूर्ण ताकदीने नसते. धावपट्टी लांब असली की इंजिनाची झीज वाचवायला आम्ही कमी ताकदीतच उडतो, त्यामुळे फरक कानाला कळत नाही. जॉन वेनची धावपट्टी ५,७०० फूट, म्हणजे १,७४० मीटरच्या आसपास. मुंबईची मोठी जवळजवळ दुप्पट. म्हणून तिथे ब्रेकवर उभं राहून ताकद भरायची आणि सोडायचं. एवढ्या आवाजातून एकदम खाली आलात की कान म्हणतो, गेलं इंजिन.

शंकासुर | ११:२८

आणि ताकद उतरवली त्याच वेळी एक इंजिन खरंच गेलं तर?

उजवीकडची_सीट | ११:४१

ताकद किती उतरवायची हे ठरवताना एक इंजिन गेलं तरी विमान चढत राहील याचा हिशेब धरलेला असतो. आणि तसं झालंच, तर आवाजाची पद्धत त्या क्षणी रद्द. खालचा माणूस झोपला काय नि उठला काय, लिव्हर पुढे. कुठलाही विमानतळ यावर वाद घालत नाही.

टस्टिनचा_तात्या | दुपारी १:०५

मीनाक्षी, पलीकडचा गोरा मासिक का वाचत होता ते मी सांगतो. तो इथला असणार. आम्ही १९९१ पासून ते पोटातले गोळे गिळतोय.

धावपट्टी संपली की पुढे न्यूपोर्टची खाडी आणि तिच्या दोन्ही काठांना न्यूपोर्ट बीच. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी एक. खुद्द हॉलिवूडचा नट जॉन वेन तिथेच राहायचा. १९७९ साली तो गेला आणि विमानतळाला त्याचं नाव दिलं. टर्मिनलमध्ये त्याचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, पाहिला असेलच.

या न्यूपोर्टवाल्यांनी काउंटीला, म्हणजे जिल्हा प्रशासनाला, कोर्टात खेचलं. १९८५ साली समझोता झाला: काउंटी, न्यूपोर्ट बीच शहर आणि रहिवाशांच्या दोन संघटना. वर्षाला प्रवासी किती, आवाज करणारी विमानं दिवसाला किती, सगळ्याला कमाल मर्यादा. सुरुवातीला वर्षाला ८४ लाख प्रवाशांपर्यंत मजल होती, मग वेळोवेळी वाढवून एक कोटीच्या पुढे नेली. प्रवासी विमानांनी सकाळी ७ च्या आधी उडायचं नाही, रविवारी ८ च्या आधी नाही. रात्री १० नंतर उडायचं नाही, ११ नंतर उतरायचं नाही. ही रात्रबंदी २०३५ च्या अखेरपर्यंत लिहून घेतलेली आहे.

नुसतं कागदावर नाही. विमानतळाच्या आजूबाजूला दहा ठिकाणी खांबांवर मायक्रोफोन बसवलेत. प्रत्येक उड्डाणाचा आवाज मोजला जातो, मर्यादा ओलांडली की कंपनीला जाब द्यावा लागतो. म्हणजे तुमचा पायलट प्रेमाने हळू बोलत नव्हता, खाली परीक्षक बसलेले होते. पूर्वी इथे बोइंग ७५७ फार लाडकं होतं. अंगात रग इतकी, की पहिल्या मायक्रोफोनपर्यंत घारीसारखं वर गेलेलं असायचं.

वॉशिंग्टनच्या सरकारने १९९० साली कायदा केला, की यापुढे कुठल्याही विमानतळाने आपल्या मनाने अशी बंधनं घालायची नाहीत. इथला समझोता आधीचा, म्हणून वाचला. आज कुणी नवा मागायला गेला तर मिळणं महाकठीण.

खवचट_खान्देशी | १:११

म्हणजे आधी बंगला, मग कोर्ट, मग शांतता. आपल्याकडे आधी झोपडी, मग कोर्ट, मग बुलडोझर.

घाटकोपरचा_बंड्या | १:३०

खान्देशीशी सहमत. तात्या, तुमचं सगळं वाचलं. आता माझं वाचा.

घाटकोपर पश्चिम, सातवा मजला, गच्चीला लागून घर. मुंबईची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम. वर्षातला बराचसा काळ वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमानं पूर्वेकडून, म्हणजे आमच्याकडून उतरतात आणि पश्चिमेला उडून जुहूवरून समुद्रावर जातात. दिवसाला नऊशेच्या वर उड्डाणं आणि उतरणं मिळून. अर्धी माझी. रात्रबंदी नाही. उलट परदेशी विमानं मध्यरात्रीनंतरच जास्त.

मला सांगा, दहा मायक्रोफोन घाटकोपरला का नाहीत? डेसिबल काय पासबुक बघून मोजतात का?

आजी_माजी_कंट्रोलर | २:२०

बंडोपंत, राग रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. हा धागा उडण्याचा आहे, तुमचं दुखणं उतरण्याचं. मी सांताक्रूझच्या टॉवरमध्ये आणि इतरत्र बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो.

उडताना पायलटच्या हातात खेळायला पुष्कळ असतं: ताकद, वेग, कधी वळायचं. उतरताना जवळजवळ काहीच नसतं. तीन अंशांचा उतार ठरलेला, शेवटचे काही मैल सरळ रेषेत यायचं. चाकं आणि फ्लॅप्स बाहेर काढले की वारा त्यांच्यावर आपटून जो आवाज होतो तो इंजिनाइतकाच असतो. आधीपासून एकसारखं घसरत येणं, चाकं उगाच लवकर न काढणं, एवढंच करता येतं. घाटकोपरला विमान शिवाजी महाराजांच्या काळातलं असो की कालचं, येणार त्याच वाटेने.

मुंबईचं नशीब म्हणजे पश्चिमेला समुद्र. उडणाऱ्या विमानांचा सगळ्यात वाईट आवाज विलेपार्ले-जुहूला मिनिटभर आणि मग माशांना. दुसऱ्या, आडव्या धावपट्टीवरून (क्रमांक एक-चार) उडालं की समोर ट्रॉम्बेची टेकडी आणि अणुशक्ती केंद्राचं निषिद्ध आकाश. तिथे आवाज वाचवायचा विचार नंतर, आधी टेकडी वाचवायची.

कागदावर भारतातही मर्यादा आहेत. २०१८ साली केंद्राने विमानतळ परिसरासाठी मानकं काढली: गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. पण ही सरासरी असते. सरासरीत तुमचं एक विमान विरघळून जातं, तुमच्या झोपेत विरघळत नाही.

घाटकोपरचा_बंड्या | २:२६

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. विमान गेल्यावर वाचेन.

विमाननगरवासी | २:४०

लोक प्रवासी विमानाच्या आवाजाबद्दल बोलतायत हे वाचून हसू आलं. लोहगावच्या शेजारी राहून बघा. आमच्याकडे सुखोई आहेत. आफ्टरबर्नर लावून जोडी उडाली, की फोनवर बोलणारी सगळी विमाननगर "एक मिनिट हं" म्हणते आणि गप्प बसते. पाहुणे घाबरतात. आम्ही चहाचा घोट घेतो.

कुणी तक्रार केली तर पहिलं उत्तर ठरलेलं: आधी विमानतळ, मग तुमची सोसायटी. ते खरंच आहे. बिल्डरने माहितीपत्रकात "विमानतळापासून पाच मिनिटं" छापलं होतं, आम्हीच ते फायदा म्हणून वाचलं.

शंकासुर | ३:०२

एक बाळबोध प्रश्न. उंच गेलं की आवाज किती कमी होतो? आणि पूर्ण ताकदीत झपकन वर नेऊन संपवत का नाहीत? मधेच ताकद उतरवली तर हळू चढणार, म्हणजे जवळच राहणार ना?

उजवीकडची_सीट | ३:३५

बाळबोध अजिबात नाही, यावरच सगळं भांडण आहे.

अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायला १० च्या आसपास उतरावा लागतो. म्हणजे नुसत्या उंचीवर फार मिळत नाही. इंजिनाच्या मागून सुटणाऱ्या झोताचा आवाज मात्र झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग थोडासा उतरवला तरी आवाज धपकन पडतो. नवी इंजिनं शांत असतात ती याचमुळे: पुढचा पंखा मोठा, झोत रुंद आणि संथ. पूर्ण ताकदीवर पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाच्या पुढे जातात, तेव्हा आत बसून करवत चालल्यासारखा आवाज येतो. पुढच्या सीटवर बसलात तर नीट ऐका.

तर तुमचा प्रश्न. पूर्ण ताकदीत चढलो, तर धावपट्टीलगतचा माणूस जास्त वेळ भाजून निघेल, पण पाच मैलांवरचा खूश होईल. लवकर ताकद उतरवली तर जवळचा सुटला, पण पुढे विमान खाली राहतं आणि लांबच्याला जास्त ऐकू येतं. दोघांना एकदम खूश करायचं बटण कॉकपिटमध्ये नाही.

लंडनची_शेवंती | ४:१०

आमच्याकडे हे चक्क वेळापत्रकाने वाटलं जातं! मी हाउन्स्लोला. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या. पश्चिमेचा वारा असला की एकीवर उतरायचं, दुसरीवरून उडायचं, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल. पुढच्या आठवड्यात सकाळ-दुपार उलटी. आमच्या गल्लीत वाळवण, बारसं, पोरांचा अभ्यास सगळं तीनच्या हिशेबाने चालतं. तीन वाजता अचानक पक्षी ऐकू येतात, तेव्हा चहा टाकायचा.

पूर्वेचा वारा असला की मात्र ही वाटणी बिघडते. १९५० च्या दशकात क्रॅनफर्ड गावाला शब्द दिला होता, की उत्तरेच्या धावपट्टीवरून पूर्वेकडे उडून तुमच्या डोक्यावर यायचं नाही. २००९ साली सरकारने तो शब्द मोडीत काढला, तरी विमानतळाची मांडणी त्याच हिशेबाची होती. एका गावाला दिलेला शब्द दुसऱ्या गावाने किती दशकं फेडायचा?

फिनिक्सवाला | ४:४८

शेवंतीताईंच्या प्रश्नाला आमच्या गावाची गोष्ट जोडतो.

पूर्वी विमानं उडाली की कंट्रोलर सांगेल तशी पसरत जायची, एखादं इकडून, एखादं तिकडून. २०१४ च्या सप्टेंबरात उपग्रहावरून आखलेल्या नव्या वाटा सुरू झाल्या. विमान इतकं नेमकं जायला लागलं, की आकाशात जणू रूळ टाकले. ज्यांच्या घरावर रूळ आले त्यांच्यावर सगळीच्या सगळी विमानं. जुन्या, ऐतिहासिक म्हणून जपलेल्या वस्त्या होत्या त्या. शहर कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. वाटा परत फिरवाव्या लागल्या.

माझं घर जुन्या पसरलेल्या वाटेखाली आहे. म्हणजे न्याय झाला आणि थोडा आवाज मला परत मिळाला. मी आनंद मानू की काय करू?

टस्टिनचा_तात्या | ५:२०

फिनिक्सवाल्या, तुझं वाचून एल टोरो आठवलं. मीनाक्षी, तू ग्रेट पार्कच्या बाजूला राहतेस का गं? मग हे वाच.

एल टोरोला नौदलाच्या मरीन सैनिकांचा विमानतळ होता, १९९९ साली बंद झाला. जॉन वेनपेक्षा कितीतरी मोठी जागा, लांब धावपट्ट्या. न्यूपोर्टवाले म्हणाले, वा, मोठा विमानतळ तिकडे करा, आमच्या डोक्यावरचा भार कमी. अर्वाइन आणि दक्षिणेकडची गावं म्हणाली, अजिबात नाही. १९९४ साली मतदान झालं, विमानतळ जिंकला. मग आठ वर्षं कोर्टकचेऱ्या, सभा, गाड्यांवर स्टिकर. २००२ च्या मार्चमध्ये पुन्हा मतदान, त्यात बाग जिंकली. त्या धावपट्ट्यांच्या जागी आज ग्रेट पार्क आहे आणि बाजूला हजारो घरं.

माझ्या ऑफिसात तेव्हा दोन मित्र होते, एक न्यूपोर्टचा, एक अर्वाइनचा. दहा वर्षं एकत्र डबा खाल्लेले. त्या काळात वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. दोघेही वाईट नव्हते हो. मी टस्टिनचा, मधला. माझा आवाज कोणी विचारलाच नाही.

मीनाक्षी_अर्वाइन | ५:४५

तात्याकाका, हो, ग्रेट पार्कच्या बाजूलाच! घर घेताना एजंट म्हणाला होता, "फार शांत भाग आहे." का शांत आहे ते आज कळलं.

घाटकोपरचा_बंड्या | ६:०२

बघा. मीनाक्षीताईंची शांतता न्यूपोर्टच्या हिश्शातून आली आणि न्यूपोर्टची पायलटच्या उजव्या हातातून. आमच्याकडे हात कोणाचा?

टस्टिनचा_तात्या | ६:१५

बंड्या, न्यूपोर्टवाले श्रीमंत म्हणून जिंकले हे अर्धं खरं. वीस-वीस वर्षं सभांना जाऊन बसले, हेही खरं. तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कोरम होतो का रे?

घाटकोपरचा_बंड्या | ६:१९

समोसे असले तर होतो.

आणि तात्या, अजून एक. त्या रात्रबंदीत खासगी जेटवाल्यांचं काय?

टस्टिनचा_तात्या | ६:३०

तिथे मला गप्प बसवलंस. रात्रबंदी प्रवासी कंपन्यांना. खासगी विमान रात्रीच्या आवाजाच्या मर्यादेत बसत असेल तर चोवीस तास उडू शकतं.

बे_एरियाचा_बाप्या | ६:५५

रात्रबंदीचा प्रसाद मी खाल्लाय. ऑफिसच्या कामाने जॉन वेनला निघालो होतो. इकडे धुकं, विमान उशिरा सुटलं. वाटेत पायलटने सांगितलं, ११ च्या आत पोचत नाही, सबब लॉस एंजेलिसला उतरतोय. तिथून कंपनीने बस दिली. रात्री दीड वाजता फ्रीवेवर, बशीत पंचेचाळीस माणसं, सगळी घड्याळाकडे बघतायत. न्यूपोर्टच्या लोकांच्या झोपेबद्दल त्या बशीत जे बोललं गेलं ते इथे लिहिलं तर संपादक उडवतील.

हूफ्डॉर्पचा_हरी | रात्री ८:२५

तुमच्या भांडणात एक शेतीची गोष्ट घ्या.

स्किपोलला, म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमच्या विमानतळाला, २००३ साली नवीन धावपट्टी झाली, अगदी एका बाजूला. वरून जाणाऱ्या विमानाचा त्रास सगळ्यांना माहीत असतो, पण इथे वेगळंच झालं. विमान धावपट्टीवर असतानाच जो खर्जातला घुमघुमाट होतो तो सपाट जमिनीवरून सरपटत आमच्या गावापर्यंत यायचा. भिंतीने अडेना. मग लोकांच्या लक्षात आलं, की शरद ऋतूत शेतं नांगरली की आवाज कमी होतो! सऱ्यांमध्ये आवाज मोडतो. त्यावरून धावपट्टी आणि वस्तीच्या मध्ये माणसापेक्षा उंच मातीचे वरंबे ओळीने घातले, मध्ये वाटा, सायकलरस्ते, बसायला जागा. २०१३ पासून ती बाग आहे. आमची पोरं तिथे लपाछपी खेळतात. बाबा कोल्हापूरहून आले होते, बघून म्हणाले, "एवढी रान बांधणी केली आणि ऊस नाही लावला?"

उजवीकडची_सीट | ८:४०

हरीभाऊ, भन्नाट. हे मला माहीत नव्हतं.

म्युनिकची_मास्तरीण | ९:१०

शाळेतल्या पोरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात १९९२ च्या मे महिन्यात जुना विमानतळ एका रात्रीत बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांना आयती संधी. दोन्हीकडच्या मुलांना आधी आणि नंतर तपासलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लांबवरची स्मरणशक्ती, आवाज थांबल्यावर सुधारली. नव्याजवळच्या मुलांची तीच कौशल्यं घसरली.

मोठी माणसं म्हणतात सवय होते. विमाननगरवासी, तुमचा चहाचा घोट वाचून हसले, पण सुखोई गेल्यावर तिसरीतल्या बाईंचं अर्धवट राहिलेलं वाक्य किती पोरं मनात पूर्ण करतात?

विमाननगरवासी | ९:२२

खरं आहे. धाकटा दुसरीत आहे. वर्गात विमान आलं की बाई हात वर करून थांबतात, हे त्यानेच सांगितलं होतं. त्याला ती गंमत वाटते. मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं.

चकलीप्रेमी | ९:३०

अवांतर: निघायच्या आधी विमानाखाली कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो तो काय असतो? मागच्या वेळी मी हवाईसुंदरीला विचारलं, सामानात कुणाचा कुत्रा अडकलाय का.

उजवीकडची_सीट | ९:३८

तो एअरबस ३२० चा पंप. एकच इंजिन चालू असलं की एका बाजूच्या हायड्रॉलिकचा, म्हणजे नळ्यांतल्या तेलाचा, दाब दुसऱ्या बाजूला पोचवायला तो घुर्र-घुर्र करतो. कुत्र्याबद्दल आम्हाला दर आठवड्याला विचारतात.

याच विमानाला आणखी एक खोड होती. उतरताना पंखाखालच्या टाकीच्या भोकांवरून वारा गेला की बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तशी शिट्टी वाजायची. २०१४ पासून एका जर्मन कंपनीने तिथे पत्र्याचा छोटासा तुकडा बसवायला सुरुवात केली, शिट्टी गेली. बंड्याभाऊ, तुमच्या डोक्यावरची काही विमानं तेवढ्याने तरी सुधारली असतील.

घाटकोपरचा_बंड्या | ९:४४

शिट्टी होती होय! मला वाटायचं माझे कान वाजतात. डॉक्टरला पाचशे रुपये दिले.

उलव्याची_उषा | ९:५८

नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. आमच्याकडे अजून विमानं मोजकी, पोरं गच्चीत जाऊन टाटा करतात. वरचं सगळं वाचून एवढंच ठरवलं, की सोसायटीच्या पुढच्या सभेत मायक्रोफोनचा विषय घेते. आत्ता, विमानं मोजकी असतानाच. कंट्रोलरकाका, अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

आजी_माजी_कंट्रोलर | १०:२०

विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला, प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, आणखी एक प्रत डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला. तारीख, वेळ आणि दिशा लिहायची सवय आत्तापासून लावा. "फार आवाज येतो" या अर्जाला केराची टोपली मिळते, "अमुक तारखेला पहाटे २:१० ते २:५० सात विमानं पूर्वेकडे" याला उत्तर द्यावं लागतं. आणि समोसे ठेवा.

मीनाक्षी_अर्वाइन | पाच आठवड्यांनंतर, मंगळवार, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय, कारण सांगायलाच हवं.

उजवीकडची_सीट यांचा पहिला प्रतिसाद मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला. त्यांना ८०० फुटांपेक्षा खांबावरचे मायक्रोफोन जास्त पटले. "म्हणजे खाली लोक झोपलेत म्हणून दबकत जातात. मग आधीच सांगायचं ना."

काल सकाळी ७ च्या विमानाने त्या निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मी सोबत होते. ब्रेकवर उभं राहून इंजिनं घुमली, त्या शांत. विमान सुटलं, चढलं. शेजारी एक तरुण मुलगी होती, पहिल्यांदाच इथून उडत असावी, खुर्चीचे हात घट्ट धरलेले. सासूबाईंनी तिच्या हातावर थोपटलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आता बसेल बघ आवाज." आणि बसला! ती मुलगी यांच्याकडे बघतच राहिली. रामरक्षा झाली, पण मनातल्या मनात. म्हणाल्या, खाली लोक झोपलेत.

खवचट_खान्देशी | १०:१२

दंडवत. सासूबाईंना आयडी काढून द्या.

घाटकोपरचा_बंड्या | १०:३०

मुंबईला पोचल्या असतील तर माझ्या गच्चीवरूनच गेल्या असणार. दूध तापवायला उठलो होतो, हात केला म्हणावं.